वीस मिनिटे आणि सत्तर फूट तार

स्त्री हेराचा थरारपट लिहायला बसणाऱ्याने आधी एक सूटकेस उचलून बघावी. लांबी दोन फुटांच्या आतबाहेर, वजन साडेचौदा किलो. ती एका हातात धरायची, खांदा त्या बाजूला झुकू द्यायचा नाही, चेहऱ्यावर श्रम दिसू द्यायचे नाहीत. भुयारी रेल्वेच्या जिन्यावर उभ्या असलेल्या जर्मन शिपायासमोरून अशा सहजतेने चालत जायचे की आत दोन कपडे आणि एक टॉवेल असावा. १९४३ सालच्या पॅरिसमध्ये काही तरुण बायका हे काम करत होत्या. त्यांच्या सूटकेसमध्ये बिनतारी संदेशयंत्र असे, आणि ते सापडले तर पुढे काय होईल याची त्यांना पूर्ण कल्पना होती.

पडद्यावर हेर स्त्री आली की हाणामारी येते. हॉटेलचा लांब बोळ, चार पहारेकरी, जिन्यावरची झटापट, छपरावरून उडी. चांगल्या दिग्दर्शकाच्या हाती ही दृश्ये श्वास रोखायला लावतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण या व्यवसायातला सर्वांत जीवघेणा भाग खुर्चीवर बसून, कानाला हेडफोन लावून, दाराकडे पाठ करून चालत असे. त्यात एक अक्षर चुकले तर माणसे मरत. अक्षर बरोबर असूनही पलीकडच्या टोकाला बसलेल्याने ते नीट वाचले नाही, तरीही मरत. या दुसऱ्या प्रकारच्या मृत्यूंबद्दल फार कमी बोलले जाते, आणि मला बोलायचे आहे ते मुख्यतः त्यांच्याचबद्दल.

ब्रिटनने जुलै १९४० मध्ये ‘स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’ ही संघटना उभी केली. कचेरी लंडनच्या बेकर स्ट्रीटवर. शत्रूने व्यापलेल्या देशांत माणसे उतरवायची, स्थानिक प्रतिकाराला शस्त्रे आणि पैसा पुरवायचा, रेल्वे आणि कारखाने निकामी करायचे, हे तिचे काम. फ्रान्समध्ये काम करणाऱ्या तिच्या ‘एफ’ विभागाने एकूण ३९ स्त्रिया पाठवल्या. त्यांतल्या १३ परतल्या नाहीत.

स्त्रियाच का, याचे उत्तर रस्त्यावर होते. फेब्रुवारी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये सक्तीच्या मजुरीचा कायदा झाला आणि कामाच्या वयाचे तरुण पुरुष जर्मनीतल्या कारखान्यांत पाठवले जाऊ लागले. आगगाडीत दिसणारा धडधाकट तरुण आपोआप चौकशीला पात्र ठरे. सायकलवर पिशवी अडकवून बटाटे शोधत वीस मैल फिरणारी बाई मात्र त्या टंचाईच्या दिवसांत रोजचेच दृश्य होते. संघटनेने या बायकांना बहुधा परिचारिकांच्या एका स्वयंसेवी दलात, नाहीतर हवाई दलाच्या महिला शाखेत भरती दाखवले. लष्करी हुद्दा असला तर पकडल्यावर युद्धकैद्याची वागणूक मिळेल, अशी त्यामागे एक आशा होती. ती फोल ठरली.

प्रत्येक जाळ्यात साधारण तीन माणसे कळीची असत: म्होरक्या, निरोप्या आणि बिनतारी ऑपरेटर. ऑपरेटर पकडला गेला की जाळे आंधळे होई, कारण विमानाने शस्त्रे कुठे टाकायची, कुठल्या शेतात उतरायचे, कोण पकडले गेले, हे सगळे त्याच्याच बोटांतून जाई. पॅरिसमध्ये ऑपरेटर सहा आठवडे टिकतो, असा तेव्हाचा हिशेब होता.

आता यंत्राकडे वळू. त्या काळी सर्रास वापरात असलेल्या मोठ्या संचाला ‘बी-टू’ म्हणत. सूटकेसमध्ये चार भाग: प्रेषक, ग्राहक, वीजपुरवठ्याची पेटी, आणि सुट्या वस्तूंचा कप्पा. त्या कप्प्यात मोर्सची कळ, हेडफोन, फ्यूज, एरियलची तार आणि क्वार्ट्‌झचे स्फटिक. ताकद वीस-एक वॅट, म्हणजे घरातल्या मंद दिव्याहून कमी, आणि तेवढ्यावर खाडी ओलांडून इंग्लंड गाठायचे. स्फटिक ही यातली सर्वांत नाजूक वस्तू. प्रत्येक स्फटिक एकाच ठरलेल्या कंपनसंख्येवर चालतो, म्हणून दिवसाचा एक, रात्रीचा एक आणि अडीअडचणीला आणखी काही असे जवळ बाळगावे लागत. डबी हातातून पडली, आतली पातळ चकती तडकली, की ती वेळ गेली. आणि पकडल्यावर हेच स्फटिक शत्रूच्या हाती पडले की कुठल्या कंपनसंख्येवर कान लावायचा हे त्याला आयतेच कळे.

वीज घराच्या जोडणीतून घेता येई किंवा सहा व्होल्टच्या मोटारीच्या बॅटरीवरून. घराची वीज सोपी, पण ठिकठिकाणी दाब वेगळा. यंत्राची खुंटी चुकीच्या दाबावर राहिली की फ्यूज जळे. बॅटरी सुरक्षित, पण तीही वाहून न्यायची आणि कुठेतरी भरून आणायची. मग एरियल. पुरता आवाज पोचायला साठ-सत्तर फूट तार ताणावी लागे. खिडकीबाहेर, झाडावर, परसात कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी टाकली तर संदेश स्पष्ट जाई, पण तार शेजाऱ्यांना दिसे. खोलीतच भिंतीच्या कडेने फिरवली तर कोणाला दिसत नसे, पण लंडनला ऐकू येणे कठीण होई. मग तेच गट पुन्हापुन्हा पाठवावे लागत, आणि जितके अधिक पाठवावे तितका पकडले जाण्याचा धोका वाढे. ऑपरेटरच्या प्रत्येक निर्णयाला असा दुसरा काठ होता.

संदेश पाठवण्याची वेळ आधीच ठरलेली असे. अमुक वारी, अमुक वाजता, अमुक कंपनसंख्येवर. इंग्लंडमधल्या ग्रेंडन इथल्या केंद्रात त्या वेळी एक मुलगी कान लावून बसलेली असे. क्रम असा: यंत्र जोडायचे, स्फटिक बसवायचा, चकत्या फिरवून सूर जुळवायचा, आपली खूणअक्षरे वाजवायची, थांबायचे, ऐकायचे. पलीकडून ‘ऐकू येते’ असे आले की अक्षरांचे पाच-पाचचे गट पाठवायला लागायचे. दोनशे अक्षरांचा संदेश म्हणजे चाळीस गट. मिनिटाला पंधरा गटांच्या वेगाने हे काम तीन मिनिटांत उरकते. पण आवाज विरतो, दुसरे केंद्र मध्ये घुसते, विजेचा कडकडाट होतो, आणि पलीकडून मागणी येते: अमुक गट पुन्हा, तमुक गट पुन्हा. तिथे वेळ खर्ची पडतो. एका जागेवरून वीस मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये, असा दंडक होता; पुढे पुढे पाच मिनिटांचा आग्रह धरला जाऊ लागला.

या दंडकाचे कारण म्हणजे जर्मनांची दिशाशोधक यंत्रणा. ब्रेस्ट, आउग्सबुर्ग आणि न्यूरेंबर्ग इथल्या स्थिर केंद्रांतून अनोळखी प्रक्षेपणाची दिशा मोजली जाई. तीन रेषा नकाशावर ओढल्या की त्यांच्या छेदातून एक त्रिकोण मिळे. सोळा-सतरा किलोमीटर बाजूचा. हे काही मिनिटांत होई. मग त्या भागातल्या बंद मोटारी निघत, गल्लीपर्यंत पोचत. शेवटचा टप्पा पायी: अंगरख्याखाली लहान ग्राहक बांधलेला माणूस दारोदार फिरून आवाज कुठे वाढतो ते पाही. मोठ्या शहरात अर्ध्या तासात ते दाराशी येऊ शकत. त्यांची आणखी एक युक्ती होती. एकेका भागाची वीज क्षणभर तोडायची आणि ऐकायचे. संदेश थांबला की इमारत सापडली. बॅटरीचे ओझे पत्करायचे ते यासाठी.

आणि हेडफोन. लंडनचा क्षीण सूर पकडायचा तर दोन्ही कान झाकावे लागतात, आणि कान झाकले की जिन्यावरची पावले ऐकू येत नाहीत. म्हणून खिडकीशी दुसरे माणूस बसवायचे. ते नसले तर ऑपरेटर ती वीस मिनिटे पूर्ण बहिरी असे. पिस्तुलाचाही उपयोग नव्हता, कारण रस्त्यावरच्या अचानक झडतीत ते सापडले तर इतर सगळी खोटी कागदपत्रे वाया गेली. पुष्कळ एजंट म्हणूनच शस्त्र जवळ ठेवत नसत.

यंत्राहून कठीण होती ती लिपी. युद्धाच्या पूर्वार्धात एजंट एक कविता पाठ करून जात आणि तिच्यातले पाच शब्द निवडून त्यांची किल्ली करत. पद्धत मराठीत करून पाहता येते. समजा शब्द घेतले ‘मगर’ आणि ‘कमळ’. सहा अक्षरे ओळीने लिहा: म, ग, र, क, म, ळ. आता वर्णमालेच्या क्रमाने त्यांना आकडे द्या. क ला १, ग ला २, पहिल्या म ला ३, दुसऱ्या म ला ४, र ला ५, ळ ला ६. म्हणजे ओळ झाली ३, २, ५, १, ४, ६. त्याखाली सहा रकाने पाडून संदेश आडवा लिहीत जायचा, आणि मग १ आकड्याखालचा रकाना आधी, २ खालचा नंतर, असे उभे वाचून घ्यायचे. जे हाती येते त्यावर हीच क्रिया पुन्हा एकदा. प्रत्यक्षात पाच शब्दांची मिळून वीस-पंचवीस अक्षरे होत. कुठले पाच शब्द घेतले ते सांगणारा एक गट संदेशात घातलेला असे.

आता चूक कुठे होते ते पाहा. दोन ‘म’ आहेत. घाईत आकडे उलटे पडले की दोन रकाने जागा बदलतात, आणि दुसऱ्या फेरीत तो घोळ सगळ्या संदेशभर पसरतो. कवितेतला एक शब्द शुद्धलेखनात चुकला तरी तेच. हे काम थंडीत, बोटे आखडलेली असताना, मेणबत्तीच्या उजेडात, उपाशी पोटी केले जाई. ग्रेंडनला येणाऱ्या संदेशांपैकी पुष्कळ म्हणूनच उलगडत नसत. पूर्वी अशा वेळी एजंटला ‘पुन्हा पाठव’ असे कळवत, म्हणजे पुन्हा वीस मिनिटे, पुन्हा त्या मोटारी. लिओ मार्क्स हा विशीतला तरुण संकेत विभागाचा प्रमुख झाला आणि त्याने ही प्रथा मोडायचे ठरवले. ग्रेंडनच्या मुली पाळ्या लावून शेकडो, हजारो किल्ल्या लावून बघत, चूक कुठे झाली असेल याचे अंदाज बांधत, आणि संदेश सोडवत. त्यांनी न पाहिलेल्या माणसांचे प्राण असे वाचवले. थरारपटात या मुली कधी दिसत नाहीत, आणि मला त्याचे वाईट वाटते.

कवितेचा दोष एवढाच नव्हता. प्रसिद्ध कविता असली तर शत्रूलाही ती पुस्तकात सापडे. आणि पाठ केलेली गोष्ट छळ करून काढून घेता येते. यावर उपाय निघाला रेशमी रुमालांचा. किल्ल्या आधीच तयार करून रेशमावर छापायच्या. एक वापरली की ती पट्टी कापून जाळायची. रेशीम झडतीत कुरकुरत नाही, कोटाच्या अस्तरात शिवता येते, आणि वापरलेली किल्ली एजंटला आठवतच नसल्याने ती कोणी वदवून घेऊ शकत नाही. हे रेशीम १९४३ च्या पुढे हळूहळू हातांत पडू लागले. काहींसाठी उशिरा.

नूर इनायत खान हिच्याकडे इथे यायचे. मराठी वाचकाला तिचे घराणे अगदीच परके नाही. तिचे पणजोबा मौलाबख्श बडोद्याच्या दरबारचे गवई. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने त्यांनी १८८६ मध्ये तिथे गायनशाळा काढली. घराण्यात टिपू सुलतानाच्या वंशाचा धागा होता. वडील हजरत इनायत खान १८८२ मध्ये बडोद्यातच जन्मले, सूफी विचार घेऊन पश्चिमेत गेले. आई अमेरिकन. नूरचा जन्म १९१४ च्या पहिल्या दिवशी मॉस्कोत, बालपण पॅरिसजवळच्या सुरेन गावात. वीणा आणि हार्प वाजवणारी, बालमानसशास्त्र शिकलेली, जातककथा मुलांसाठी इंग्रजीत आणणारी ही मुलगी. जून १९४० मध्ये कुटुंब इंग्लंडला पळाले, नोव्हेंबरात ती हवाई दलाच्या महिला शाखेत दाखल झाली आणि बिनतारी शिकली. थंडीने बोटे सुजत, म्हणून ती कळ जोरात दाबे, आणि बरोबरीच्या मुली त्यावरून तिला चिडवत. मोर्स ऐकणाऱ्याला प्रत्येकाचा हात ओळखू येतो. तिचा तर लगेच.

प्रशिक्षणातले तिच्याबद्दलचे काही शेरे चांगले नव्हते. एका वरिष्ठाला ती या कामाला अयोग्य वाटली: भाबडी, घाबरट, खोटे बोलायला नाखूष. तरीही तिला पाठवले, कारण फ्रेंच अस्खलित बोलणारे शिकलेले ऑपरेटर हाताशी नव्हते. १६ जून १९४३ च्या रात्री लायसँडर विमानाने ती फ्रान्समध्ये आंजेरजवळच्या शेतात उतरली. या विमानाच्या उतरण्यातही एक शिस्त होती. चंद्रप्रकाश हवा, म्हणून पौर्णिमेच्या आगेमागेचे दिवस. धावपट्टी म्हणजे उलट्या ‘एल’ आकारात रोवलेले तीन टॉर्च, पहिल्या दोघांत दीडशे यार्ड आणि तिसरा उजवीकडे पन्नासावर. शिडी विमानाला कायमची जोडलेली. माणसे उतरायची, परतीची माणसे चढायची, आणि मिनिटा-दोन मिनिटांत विमान पुन्हा हवेत. त्या रात्री दोन विमानांतून आलेल्या बायकांमध्ये नूर, डायना राउडन आणि सेसिली लफोर होत्या. तिघींपैकी एकही परतली नाही.

टोपणनाव मादलेन, कागदोपत्री नाव जाँ-मारी रेनिए, व्यवसाय मुले सांभाळणाऱ्या दाईचा. ज्या जाळ्यासाठी ती आली त्याचे नाव होते ‘सिनेमा’. पहिले संदेश तिने ग्रिन्योंच्या शेतकी महाविद्यालयातून, दुसऱ्या ऑपरेटरच्या यंत्रावरून पाठवले. आठवडाभरात वरचे मोठे जाळे कोसळले. म्होरक्या फ्रान्सिस सटिल, निरोप्या आंद्रे बोरेल, ऑपरेटर गिल्बर्ट नॉर्मन, सगळे २३-२४ जूनच्या सुमारास पकडले गेले आणि त्यांच्यामागून शेकडो स्थानिक माणसे. लंडनने नूरला परत यायला सांगितले. तिने नकार दिला, कारण ती गेली तर पॅरिसशी दुवाच उरणार नव्हता. पुढचे साडेतीन महिने ती राहती घरे बदलत, केस रंगवत, बालपणीच्या ओळखीच्या घरांतून तार टाकत संदेश पाठवत राहिली. भुयारी रेल्वेत जर्मनांनी सूटकेसमध्ये काय आहे विचारले, तेव्हा तिने ‘सिनेमाचे प्रोजेक्टर’ सांगून झाकण किंचित उघडले आणि आतले ‘दिवे’ दाखवले, अशी आठवण तिच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे.

तिच्या हातून चुकाही झाल्या, आणि त्या लपवण्यात तिचा मान वाढत नाही. चहात आधी दूध घालण्याची इंग्रजी सवय सुटायला वेळ लागला. सगळ्यांत महाग पडली ती वही. पाठवलेला प्रत्येक संदेश, साधा आणि सांकेतिक दोन्ही रूपांत, तिने एका वहीत जपून ठेवला. तिला दिलेल्या लेखी सूचनेत संदेशांच्या ‘फायलिंग’बद्दल फार काळजी घ्यायला सांगितले होते, आणि तिने ते शब्दशः घेतले असे दिसते. सूचना लिहिणाऱ्याने ‘पाठवून झाले की जाळ’ असे तीन-चार शब्द वापरले असते तर पुढचे बरेच टळले असते. ऑक्टोबर १९४३ च्या मध्यास पैशांसाठी तिचा पत्ता विकला गेला. वही, यंत्र, सगळे जर्मनांच्या हाती लागले.

ती बोलली नाही. पण वही बोलली. जर्मनांनी तिच्या नावाने लंडनशी संदेश सुरू केले.

अशा प्रसंगासाठीच प्रत्येक ऑपरेटरला खुणा दिलेल्या असत. एक दिखाऊ खूण, जी छळ झाल्यास शत्रूला सांगून टाकायची. दुसरी खरी, जी कोणालाच सांगायची नाही. उदाहरणार्थ, ठरावीक जागचे अक्षर मुद्दाम चुकवायचे. संदेशात खरी खूण नसली की समजायचे, माणूस पकडला गेला आहे. व्यवस्था चोख. मोडली ती लंडनमध्ये. गिल्बर्ट नॉर्मनच्या नावाने संदेश गेला तेव्हा खरी खूण नव्हती. विभागप्रमुख बकमास्टरच्या कचेरीने उत्तर धाडले की तू दुसरी खूण विसरलास, पुढच्या वेळी काळजी घे. ते उत्तर नॉर्मनसमोर जर्मनांनी वाचले, आणि दुसरी खूणही असते हे त्यांना कळले. हॉलंडमध्ये हाच प्रकार १९४२ पासून चालला होता. पकडलेला ऑपरेटर खूण गाळून गाळून इशारा देत होता आणि लंडन एकामागून एक माणसे पॅराशूटने पाठवत होते. पन्नासहून अधिक एजंट असे थेट जर्मनांच्या स्वाधीन झाले, बहुतेकांचा जीव गेला.

हे असे का झाले? मूर्खपणा म्हणून सोडून देण्याइतके ते सोपे नाही. संदेश मुळातच तुटक यायचे. पाचपैकी एक अक्षर चुकलेले, मध्ये गट गायब. खूण दिसली नाही तर ती विसरली, वाटेत हरवली की मुद्दाम गाळली, हे ओळखायचे कसे? धास्तावलेले ऑपरेटर खरोखरच खूण विसरत. विसरणे नेहमीचे झाले की न दिसणारी खूण कोणाला खटकेनाशी होते. आणि आपण पाठवलेले माणूस अजून मोकळे आहे असे मानायची इच्छा कचेरीत फार प्रबळ असते. यश वरच्यांना दाखवायचे असते, पुढच्या पौर्णिमेची विमाने ठरलेली असतात. मार्क्सने पुढे लिहिले की नूरला त्याने एक जास्तीची खूण दिली होती: अठरा अक्षरांची किल्ली एरवी कधी वापरायची नाही, पकडली गेलीस तरच वापर. तिच्या नावाने अठरा अक्षरांचा संदेश आला, त्याने तो वर कळवला. विमाने तरीही गेली.

२८ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री शार्त्रजवळ काही एजंट पॅराशूटने उतरले. उतरायची जागा नूरच्या यंत्रावरून ठरली होती. खाली जर्मन उभे होते. त्या गटात मादलेन दामेर्माँ ही फ्रेंच तरुणी होती.

इकडे नूर पॅरिसमध्ये, आव्हेन्यू फॉशच्या ८४ क्रमांकाच्या इमारतीत, म्हणजे जर्मन सुरक्षा पोलिसांच्या कचेरीत, पाचव्या मजल्यावरच्या कोठडीत. पडद्याला शोभेल असा प्रसंग इथे खरोखर घडला. अटक झाली त्याच दिवशी ती न्हाणीघराच्या खिडकीतून छपराच्या कडेवर उतरली आणि पकडली गेली. नोव्हेंबरात तिने जॉन स्टार आणि लिओं फाय या दोन कैद्यांशी संधान बांधले. स्टारकडून जर्मन बारीकसारीक कामे करवून घेत. बिघडलेला व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करताना त्याने एक स्क्रूड्रायव्हर लांबवला. चिठ्ठ्या शौचालयात लपवून तिघांनी बेत आखला. प्रत्येकाच्या छताशी असलेल्या झरोक्याचे गज आळीपाळीने सैल करायचे, भोके दिवसा लपवायची. नूरचा हात झरोक्यापर्यंत नीट पोचत नव्हता, म्हणून तिचा गज निघायला सर्वांत जास्त वेळ लागला. अखेर तिघे छपरावर आले, घोंगड्या बांधून दोर केला, आणि नेमका तेव्हा ब्रिटिश विमानांच्या हल्ल्याचा भोंगा वाजला. भोंगा झाला की कोठड्या तपासायचा तिथला नियम होता. पहारेकऱ्यांनी रिकाम्या खोल्या पाहिल्या, गल्लीला वेढा पडला. पुन्हा पळणार नाही असे वचन मागितले गेले. नूर आणि फाय यांनी ते दिले नाही. लगेचच तिची रवानगी जर्मनीत फोर्ट्‌सहाइमच्या तुरुंगात झाली. तिथे दहा महिने, बराच काळ साखळदंडांत, एकटी. १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाउच्या छावणीत चौघी बायकांना गोळ्या घातल्या: योलांद बीकमन, एलियान प्लूमन, मादलेन दामेर्माँ आणि नूर. दामेर्माँ ज्या संदेशावर विश्वास ठेवून उतरली होती तो नूरच्या यंत्रावरून गेला होता, हे दोघींना कळले असेल का, हा प्रश्न मला सोडत नाही.

नूरला १९४९ मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हा ब्रिटिश शौर्यसन्मान मिळाला. २०१२ मध्ये लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये तिचा अर्धपुतळा उभा राहिला. तिच्यावर लिहिताना बहुतेकजण ‘राजकन्या हेर’ म्हणतात. मला ती ऑपरेटर म्हणून मोठी वाटते. सगळे जाळे उद्ध्वस्त झालेल्या शहरात साडेतीन महिने तार टाकून बसणे हे त्या पेशातले असामान्य काम आहे, मग घराणे कुठलेही असो.

तेच काम निभावून जिवंत परतलेलीही एक आहे. ईव्हॉन कॉर्मो. नवरा १९४० च्या बॉम्बहल्ल्यात गेलेला, लहान मुलगी इंग्लंडमध्ये ठेवलेली. ऑगस्ट १९४३ मध्ये ती नैऋत्य फ्रान्समधल्या गास्कोनीत पॅराशूटने उतरली आणि तेरा महिन्यांत ४०० हून अधिक संदेश पाठवले. तिने नियम मोडला: एकाच घरात महिनोन्‌महिने राहिली. पण मोडण्यामागे विचार होता. खेडे उंचावर, खिडकीतून दूरवरचा रस्ता दिसणारा, मोटार येताना आधी कळणारी. यंत्र बॅटरीवर, म्हणून वीज तोडून काही साधत नसे. गावात नळाचे पाणी नव्हते, इंग्रज बाई अशा ठिकाणी राहणार नाही असे जर्मनांनी धरले होते. तिचे संदेश आखूड आणि हात स्वच्छ, त्यामुळे पलीकडून पुन्हा मागण्या कमी. पॅरिसमध्ये यातले काहीच शक्य नव्हते. नूर आणि कॉर्मो यांच्या नशिबातला फरक धैर्याचा नाही. तो जागेचा आहे, बॅटरीचा आहे, आणि आजूबाजूचे जाळे शाबूत असण्याचा आहे.

कुणी दिग्दर्शक हे चित्रित करणार असेल तर माझी मागणी ध्वनीबाबत आहे. प्रेक्षकाला तिच्या कानात बसवा. बाहेरचे सगळे बंद, फक्त खरखर आणि त्यामागचा बारीक सूर. खिडकीशी बसलेली मुलगी काहीतरी सांगते आहे, ओठ हलताना दिसतात, शब्द येत नाहीत. खोलीतला दिवा एकदा विझतो आणि पुन्हा लागतो. म्हणजे गल्लीची वीज तोडून पाहताहेत. यंत्र बॅटरीवर आहे, म्हणून सूर चालू राहतो. चाळीसपैकी चौतीस गट गेले आहेत, घड्याळात अठरा मिनिटे झाली आहेत, आणि लंडन सहावा गट पुन्हा मागते आहे.